लातूरच्या बसमधली माझी बारी

मुदखेडहून निघताना बाबांनी एकच सांगितलं, "तिथं घाबरू नको. मोठ्यानं बोल." लातूरच्या एका शिकवणीवर्गात विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा होती आणि त्यासाठी नमुना तास घ्यायचा होता. विषय ध्वनी. आमच्या सात पिढ्यांत बीएस्सी झालेली मी पहिली, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते.

नांदेडला लातूरची बस मिळाली, खिडकीही मिळाली. वाटेत तास मनात घोळवायचा होता. कसलं काय! पुढच्या सीटवर कपाळाला विभूती (भस्म) लावलेले एक आप्पा, त्यांच्या मोबाइलवर भजन. शेजारी धर्माबादच्या काकू, त्यांची तेलुगू मालिका. मागे एक तरुण, त्याच्या मोबाइलवर बैलांच्या शर्यती. त्या मालिकेतली सासू ओरडली की मीच दचकायचे.

"आप्पा, इयरफोन लावा की."

"कानात बोळे घालून एकट्यानं ऐकू? भजन हाय बाई, चोरून ऐकायचं काय त्यात?"

कंडक्टरकडे तक्रार केली. "इयरफोनचा नियम हाय ताई," तो म्हणाला आणि स्वतःच्या मोबाइलवरची क्रिकेटची कॉमेंट्री जरा हळू केली.

लोहा मागे पडलं आणि काकूंचाच भडका उडाला. "ओ आप्पा, तुमच्या टाळांत माझ्या मालिकेतली सून काय बोलून राहिली ते कळंना!"

आप्पांनी भजन थांबवलं. "आमच्या विहिरीवर चार भावांत एक मोटर हाय. ज्याची बारी (पाळी), त्याचंच पाणी. हितंबी तसंच करू. थांबा आला की बारी बदलली."

सगळ्यांना पटलं. आधी भजन झालं, मागच्या सीटांनी टाळ्यांचा ठेका धरला. मग काकूंची मालिका. काकू मराठीत सांगत होत्या, "ती सून न्हाई, तिची जुळी बहीण हाय. दुधात औषध तिनंच घातलं." अहमदपूर येईपर्यंत त्या दुधाच्या पेल्याचं काय होणार, याची काळजी कंडक्टरलाही लागली होती.

अहमदपूरला गरमागरम सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा पोह्यांसारखा प्रकार) खाल्ला. गाडी निघाली तशी माझी बारी आली.

"मला काही वाजवायचं नाही. सगळे गप्प बसा, बस्स."

"बारी रिकामी सोडत न्हाईत," आप्पा म्हणाले.

काकूंनी कोपराने ढोसलं. "मघापासून ओठ हलवून राहिलीस. तेच म्हण की मोठ्यानं."

दांडा धरून उभी राहिले. "गळ्यावर बोट ठेवा आणि म्हणा, अंऽऽ!"

अख्ख्या बसने अंऽऽ केलं. त्यात खड्डा आला आणि आवाजाने अशा गिरक्या घेतल्या की ड्रायव्हरने आरशातून मागे पाहिलं.

"बोटाला थरथर लागली? तोच ध्वनी."

"मोटर चालू केली की पाइप थरथरतो तसं?" आप्पांनी विचारलं.

"तसंच!"

चाकूर आलं, माझी बारी संपली. आता बैलवाल्याची. त्याने मोबाइल खिशात घातला. "ताई, माझी बारी तुम्ही घ्या. प्रतिध्वनीचं अर्धंच राहिलं."

लातूरच्या त्या थंडगार खोलीत टायवाली माणसं वह्या उघडून बसली होती. मी म्हटलं, "गळ्यावर बोट ठेवा." कोणी हललं नाही. बाबा आठवले, बस आठवली. "ठेवा की!" मी मोठ्यानेच म्हणाले. ठेवलं. अंऽऽसुद्धा केलं. पण निघताना उत्तर मिळालं ते, "कळवतो."

परतीच्या बसमध्ये ज्याच्या त्याच्या कानात इयरफोन. सकाळी मागितली होती तशीच शांतता होती, आणि मला मात्र करमेना. चुकचुकत बसले होते. कळवतो म्हणणारे कुठं कळवतात?

चाकूरजवळ मोबाइल थरथरला. शिकवणीवर्गाच्या सरांनी आवाजातच निरोप पाठवला होता. इयरफोन हातात होते. क्षणभर थांबले, ते पिशवीत टाकले आणि आवाज पूर्ण मोठा केला.

"मॅडम, तास आवडला. सोमवारपासून या."

पुढचे गृहस्थ वळले. "अहो बाई, इयरफोन न्हाईत का तुमच्याकडं?"

"आहेत की," मी म्हणाले. "पण आता माझी बारी हाय."

आणि निरोप पुन्हा लावला.