टाकीची सावली

ताडकळसच्या ईश्वरअप्पांचं कापडाचं दुकान. शहाऐंशी साली गावात पाण्याची टाकी उभी राहिली आणि ती जणू आपणच बांधल्यासारखे अप्पा छाती काढून फिरू लागले. पण जिल्ह्यात हिच्यापेक्षा उंच टाकी कुठं असेल तर? या विचारानं त्यांना घास गोड लागेना.

एका रविवारी त्यांनी राजदूत मोटारसायकल काढली. मागे बायको उमादेवी, तिच्या मांडीवर दुकानातली लोखंडी मीटरपट्टी. टाकीवर चढायची हिंमत नव्हती, म्हणून अप्पा सावली मोजत. गावच्या टाकीची सकाळी आठला चाळीस मीटर भरली होती. आडरस्त्यानं दुपारपर्यंत तीन गावं झाली. तिन्हीकडं सावली दहा मीटरच्या आत! अप्पांनी खुशीत अनोळखी लोकांना चहा पाजला.

दिवस कलताना ते चारठाण्याला व्याह्यांकडं पोचले. तिथली सावली शाळा ओलांडून पुढं गेलेली. सत्तर मीटर!

"मोजा, मोजा, अजून वाढायलीय," व्याही महालिंगअप्पा मिशीत हसले.

परतताना अप्पा धुमसत होते. "त्यांनी काय पुण्य केलंतं, येवढी उंच टाकी मिळायला?"

"अवो, उनं कलली की माजी सावली बी तुमच्यापरीस लांब पडती," उमादेवी म्हणाली. "आपली तुमी सकाळी मोजली, त्यांची संध्याकाळी."

अप्पांनी गाडीच थांबवली. मग घरी येऊन त्यांनी व्याह्यांना कार्ड लिहिलं: "रविवारी टाकी बघायला या. मात्र सूर्य बुडायच्या जरा आधी पोचा, लवकर नको."