उजवीकडची सीट

आमची गाडी विकायला काढली तेव्हा जाहिरात मलाच लिहावी लागली, कारण ह्यांना ती लिहवेना. 'जुनी अमेरिकन गाडी, पिस्ता रंग, इंजिन डिझेलचं बसवलेलं, सीट नव्या, स्टिअरिंग डावीकडे.' एवढंच. ह्यांनी वाचून तोंड वाकडं केलं. म्हणाले, "ही काय वाण्याची यादी आहे का?"

माझगावात एका गॅरेजमागे तिचा नुसता सांगाडा पडला होता. हे गोदीत फिटर. नऊ वर्षं ह्यांनी घासून, ठोकून, वेल्डिंग करून तिला उभं केलं. तेवढी वर्षं मला एक रविवार मिळाला नाही, खरं सांगते. मी कटकट केली, अबोला धरला, आणि शेवटी हिंदमाताला जाऊन सीटसाठी मरून रंगाचं कापड निवडून आणलं तेही मीच. म्हणजे बघा.

गाडीची एकच गोची होती. अमेरिकेतल्यासारखं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पुढे बस असली की ह्यांना पलीकडचं काही दिसायचं नाही. उजवीकडे मी बसायचे. मान बाहेर काढून बघायचं आणि सांगायचं, "थांबा... थांबा... हां, निघा!" मला सायकलसुद्धा येत नाही, पण वीस वर्षं ती गाडी अर्धी मीच चालवली.

मग डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला आणि गाडी चालवायची नाही म्हणून बजावलं. हे मुकाट हो म्हणाले. आठवड्याभराने सकाळी दूध आणतो म्हणून गेले आणि गाडी काढली, एकटेच. लालबागला एका हातगाडीला घासून आले. कोणाला लागलं नाही, नशीब. त्याच दिवशी मी ठरवलं, गाडी जाऊ दे, माझा माणूस राहू दे.

गिऱ्हाइकं आली, पण ह्यांना एकही पसंत पडेना. एकाला गाडी हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायची होती. दुसऱ्याला स्टिअरिंग उजवीकडे हलवायचं होतं. "मुलीसाठी स्थळं बघताय का?" मी ओरडलेच.

तिसरा माटुंग्याचा. तिशीचा असेल, सडाफटिंग. आधी बॉनेट उघडून पाच मिनिटं नुसता इंजिन बघत राहिला, आणि तिथेच हे विरघळले. "काका, एक चक्कर मारू?" त्याने विचारलं. हे मागे बसले. त्या गाडीत पहिल्यांदाच मागे. मी माझ्या जागेवर. परळच्या आधी पुढे बस आली, तो अडखळला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "थांबा... थांबा... हां, निघा!" माझ्या मुलाच्या वयाचा तो, आणि मी त्याला अहोजाहो करतेय. तो बिनबोभाट निघाला. मागे हे मोठ्याने हसले.

गाडी ठेवायचो त्या गॅरेजला परतल्यावर तो म्हणाला, "स्टिअरिंग आहे तिथेच ठेवतो काका. पण उजवीकडे बसायला कोणाला आणू?"

"लग्न कर," हे म्हणाले आणि चावी त्याच्या हातावर ठेवली. मग बॉनेटवर एकदा हात फिरवला आणि चालायला लागले.

कोपऱ्यावर हे थांबले. मग म्हणाले, "एक सांगू? चिडू नकोस. शेवटची दोन वर्षं मला उजवीकडचं जवळजवळ दिसतच नव्हतं. तू निघा म्हणालीस की मी निघायचो."

"अहो, नातवंडं मागे बसायची!" मी भर रस्त्यात तोंड सोडलं. काय काय बोलले, आता आठवतही नाही. हे मान खाली घालून ऐकत राहिले. बोलता बोलता मध्येच एक लक्षात आलं. चाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी कधी माझ्या आमटीला चांगली म्हटलं नव्हतं, आणि जीव मात्र माझ्या एका शब्दावर टाकून मोकळे!

रस्ता ओलांडायचा होता. ह्यांनी माझं मनगट धरलं.

"निघू?"

"थांबा," मी म्हटलं.

एक टेम्पो गेला, मागोमाग टॅक्सी गेली. रस्ता मोकळा झाला. तरी मी आणखी थोडा वेळ निघा म्हटलं नाही.