अस्वलाचं ऊन

अंजूरहून भिवंडीला येणाऱ्या शेअर रिक्षात तो रोज भेटायचा. नाव मी कधी विचारलं नाही. त्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. भिवंडीत बोट नसलं की ते पॉवरलूममध्येच गेलं, असं आम्ही सगळे धरून चालतो. कुणाचा हात रिक्षाबाहेर गेला की तो खेकसायचा, "हात आत घ्या!" मला तो खडूस वाटायचा.

एकदा मागच्या सीटवर आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, "कुठल्या लूमवर होतात?"

"लूम न्हाय, अस्वल," तो म्हणाला. प्राणिसंग्रहालयात कठडा ओलांडून त्यानं पिंजऱ्याच्या गजांतून बिस्कीट आत धरलं होतं. "पाटी वाचली होती, तरी गेलो. त्यानं बिस्कीटच घेतलं हो. बोटं माझी मधी आली."

नंतर अस्वलाला मागच्या अंधाऱ्या खोलीत हलवलं. तो अजून दरवर्षी तिथे जातो, कठड्याच्या अलीकडे उभा राहतो आणि रिकामा पिंजरा बघून परत येतो.

"चूक माझी, आन् ऊन त्याचं गेलं."

दुसऱ्या दिवशी रिक्षात त्याच्या शेजारी बसलेल्या बाईंनी हळहळून विचारलं, "लूमवर गेली का हो बोटं?"

"हां, लूमवर," तो म्हणाला.

उतरल्यावर मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शर्टाची बाही उरलेल्या बोटांवर ओढत तो म्हणाला, "खरं सांगितलं की लोक अस्वलाला शिव्या घालतात."