दोन गाळे आणि त्यांचा वरखर्च

परवा फोनवर तू म्हणालास, भाड्याने द्यायला घेत असलेल्या घराची किंमत ठरली, बँक तयार झाली, पण वरखर्चाची यादी बघून रात्रीची झोप उडाली. तुझी बहीण मागून हसत होती. तिला हसू दे. आम्हीही एकदा असे अडकलो होतो, ते दोघांनाही सांगून ठेवते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुमचे आजोबा आणि मी, दोघेही पांढुर्ण्याला शाळेत शिकवत होतो. तुमच्या आईला नागपूरच्या कॉलेजात प्रवेश मिळत होता. फी कशीबशी जमली असती, पण होस्टेलचा दर महिन्याचा खर्च दोन पगारांत बसत नव्हता. त्याच वेळी सौंसरला बस स्टँडजवळचे दोन गाळे विकायला निघाले. एकात शिंपी बसायचा, दुसऱ्यात सायकलवाला. बँकेचा हप्ता भरूनही त्यांच्या भाड्यात होस्टेल भागत होते. गाळे मिळाले तर पोरगी नागपूरला, नाहीतर पांढुर्ण्यातच जे मिळेल ते.

मालक सौंसरजवळचा संत्रेवाला शेतकरी. त्याला नवी विहीर खणायची होती. सौदा साठ हजारांत ठरला. आजोबांनी बयाणा दिला आणि सौद्याची चिठ्ठी लिहिली. चिठ्ठीत किंमत लिहिली पस्तीस हजार.

मी विचारले, "हे काय?"

"सगळे असंच लिहितात. स्टॅम्प वाचतो," आजोबा म्हणाले. "आपल्याकडे खरी किंमत फक्त कापसाची लिहितात. तीही माणूस पाहून."

मग बँकेत गेलो. मॅनेजर भला माणूस होता, पण चिठ्ठी पाहून त्याने चष्मा काढला. कर्ज मिळणार ते कागदावरच्या किमतीच्या निम्मे. म्हणजे फंडातून निघणाऱ्या तीस हजारांवर बँकेचे तीस धरून बसलो होतो, हाती येणार होते साडेसतरा. शिवाय वकिलाचा तपास, गहाणखताचा स्टॅम्प, रजिस्ट्रीची फी, कागद लिहून देणारा अर्जीनवीस, नामांतरण म्हणजे फेरफार, हे सगळे आमच्या खिशातून. बँक किमतीला कर्ज देते, वरखर्चाला नाही. तुझी बँकही हेच म्हणत असणार. विकणाऱ्याच्या बायकोला साडीचोळी करायची रीत आहे, तीही त्या खर्चातच.

किंमत खरी लिहिली तर कर्ज पुरत होते, स्टॅम्प वाढत होता. कमी लिहिली तर स्टॅम्प वाचत होता, गाळे जात होते. आणि मुदतीत रजिस्ट्री झाली नाही तर बयाणाही बुडणार होता.

रविवारच्या बसने आम्ही सौंसरला गेलो आणि पुढे चालत त्या शेतकऱ्याच्या मळ्यातल्या घरी. तो ओट्यावर सुपारी कातरत बसला होता. त्याच्या बायकोने पाणी आणले आणि दाराशी टेकून उभी राहिली.

आजोबांनी अडचण मांडली. तो मान हलवत राहिला.

"नाही जमत, गुरुजी. चिठ्ठीत जे लिवलं तेच रजिस्ट्रीत लिवा. गावात असंच होऊन राहिलं."

मी म्हटले, "अहो, पण तुम्हाला साठ हजार मिळणारच आहेत. ते लिहायला हरकत काय?"

अडकित्ता थांबला. दारातून आवाज आला, "किती म्हनलं, बहिणजी?"

मी काही बोलण्याआधी आजोबांनी माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या लक्षात आले.

"मले त पस्तीस सांगतले," ती नवऱ्याला म्हणाली. "पस्तिसात विहीर होत नाही म्हणून मी माह्या पाटल्या काढून ठेवल्या. आन् तुम्ही साठ घेऊन राहिले?"

"अवं, तुले सांगतलं असतं त तुह्या भावाले समजलं असतं. तो उसने मागाले आला असता."

"माह्या भावाचं नाव नका घेऊ. मागच्या साली बैल कोनाचे नेले वखराले?"

त्याने अडकित्ता खाली ठेवला. आजोबा संत्र्याच्या झाडांकडे बघू लागले. जणू काय बहर मोजायला आलेत. मला हसू येत होते आणि भीतीही वाटत होती, की आता हा चिडून सौदाच मोडतो की काय.

पण ती पुढे येऊन बसली. "बहिणजी, रजिस्ट्रीत साठच लिवा. आता लपवाचं कोनापासून? आन् माह्या भावालेच साक्षीदार करा. त्याच्या समोर पैशे मोजले म्हंजे ते विहिरीसाठी हायेत, हे त्यालेही समजन."

नवरा पुटपुटला, "स्टॅम्प मात्र तुमचा."

"आमचाच," आजोबा म्हणाले. रीत तशीच होती.

आता वाढलेल्या स्टॅम्पचे पैसे तेवढे जमवायचे राहिले. परत जाताना आम्ही गाळ्यांवर थांबलो. शिंप्याने आम्हाला पाहून मशीन थांबवले. त्याला वाटले, नवे मालक दुकान खाली करायला सांगायला आलेत. त्याने सहा महिन्यांचे भाडे आधी द्यावे आणि आम्ही त्याला तीन वर्षे हलवू नये, असे मी सुचवले. त्याने सायकलवाल्याला हाक मारली. दोघांचे बाजूला जाऊन बोलणे झाले. सायकलवाला येऊन म्हणाला, "मॅडमजी, लिहून द्याल ना? मग आपल्याले मंजूर आहे." मी तिथेच शिंप्याच्या टेबलावर दोघांना लिहून दिले. भाड्याविना जाणारे पहिले सहा महिने शिकवण्या घेऊन काढायचे आम्ही ठरवले.

रजिस्ट्रीच्या दिवशी बँकेचा माणूस आला, शेतकरी बायकोला घेऊन आला, साक्षीला त्याचा साळाही आला. किंमत मोठ्याने वाचली गेली तेव्हा साळा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही त शेठ झाले!" बहिणीने त्याच्याकडे अशी नजर टाकली, की त्याने मुकाट्याने सही केली. आम्ही दिलेल्या नव्या साडीची घडी तिने तहसिलीच्या पायरीवरच उलगडून काठ बघितला आणि म्हणाली, "रंग बरा हाये."

दुपारच्या बसने घरी परतलो. तुमची आई फाटकाशीच उभी होती.

"झालं?"

"पेटी भर," आजोबा म्हणाले.

ती आत धावली आणि तशीच परत बाहेर आली. "बाबा, होस्टेलमध्ये गादी आपली न्यावी लागते म्हणे."

आजोबांनी माझ्याकडे पाहिले. गादी खर्चात धरायची राहिलीच होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघे गादी भरून घ्यायला पिंजाऱ्याकडे गेलो.