आपोआप गियरच्या तीन गाड्या

चांगल्या गाडीचे किस्से होत नाहीत. ती सुरू होते, जाते, परत येते, संपलं. बिघडलेली गाडी मात्र रोज काहीतरी देऊन जाते आणि ते ऐकायला माणसंही जमतात. आमच्या लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, अशा एक नाही, तीन गाड्या होत्या! त्यामुळे किस्से इतके साचले की कुणी नुसतं "मोटार" म्हटलं तरी मी सुरू होतो. बायको म्हणते, गाडी बंद पडायची, तुम्ही पडत नाही.

तर तिन्ही गाड्या एकाच अमेरिकन कंपनीच्या. नाव सांगत नाही, सांगून आता कुणाचं काय बिघडणार! क्लच नाही, गियर आपोआप पडतो, अशी त्यांची ख्याती. एक आमच्या ऑफिसची, संस्थानाच्या काळात घेतलेली आणि विलीनीकरणात खुर्च्या-टेबलांसकट मध्यभारत सरकारकडे गेलेली. दुसरी इंदरगंजातल्या बापूसाहेब वकिलांची. तिसरी शेजारच्या मुरारमधल्या डॉक्टरांची. मी ऑफिसात टाइपिस्ट. इंग्रजी टाइप करणारा हाताशी दुसरा कुणी नाही, म्हणून तिन्ही गाड्यांच्या तक्रारी माझ्याच बोटांतून गेल्या.

*

ऑफिसच्या गाडीवर मोहिते ड्रायव्हर. पणजोबा घोडदळात, बाप संस्थानाच्या बग्गीवर, हे मोटारीवर. मागच्या सीटवर काठोकाठ भरलेला तांब्या ठेवा, किला गेटपर्यंत जाऊन या, थेंब सांडणार नाही, असा त्यांचा लौकिक.

नवी गाडी आली तेव्हा मोहित्यांची पंचाईत झाली ती डाव्या पायाची. वीस वर्षं क्लच दाबलेला पाय! गाडीत क्लच नाही हे डोक्याला कळलं, पायाला कळेना. थांबायची वेळ आली की डावा पाय आपला रिकाम्या जागेवर ठप्पकन पडायचा.

बापूसाहेबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "मोहिते, संभाळा! नवं सरकार आहे. डावा पाय काम करत नाही म्हणून अर्धा पगार कापतील!"

आम्ही सगळे पोट धरून हसलो. मोहितेही हसले.

*

पहिला तक्रारअर्ज बापूसाहेबांचा. त्यांची गाडी चढावर मधेच दम सोडायची. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागच्या जागी!

आता बापूसाहेबांची तीन पिढ्यांची दरबारी वळणं. वरच्याला तोंडावर "तुमचं चुकलं" म्हणायचं नाही. आधी त्याची थोरवी गायची, मग आपलं आरोग्य कळवायचं, मग त्याचं विचारायचं आणि शेवटी, जाता जाता, विनंती. हे सगळं त्यांनी मला इंग्रजीत टाइप करायला लावलं. दोन पानं कंपनीच्या कीर्तीची, गाडीच्या रंगाची, गादीच्या मऊपणाची. तक्रार तिसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत.

मी म्हटलं, "बापूसाहेब, सीधं लिहू या ना. गियर खराब आहे."

"नाना, ही काय भाजीवाल्याशी बोलायची गोष्ट आहे? रीत असते!"

दोन महिन्यांनी उत्तर आलं. आपण इतके समाधानी आहात हे वाचून आनंद झाला. आपले पत्र जाहिरातीत छापण्याची परवानगी मिळावी.

*

डॉक्टरांना एवढी सवड नव्हती. त्यांनी पोस्टकार्डाएवढ्या मजकुरात सगळं लिहिलं. त्यांच्या गाडीचा गियर कुठे पडेल याचा नेम नसायचा. मुरारहून लष्करात यायचं तर वाटेत दोनदा तरी उतरावं लागायचं.

मुरारच्या नाक्यावर एक टांगेवाला उभा राही. त्याने हे ओळखलं होतं. डॉक्टरांची गाडी बाहेर पडली की तो टांगा मागे लावायचा, फार घाई न करता.

एकदा डॉक्टर चिडले. "मेरे पीछे क्यों आते हो?"

"आप इतमीनान से चलिए साहब. जहाँ रुकेंगे, वहाँ मैं हूँ."

किला गेटच्या एका घरी बाळंतपण अडलं होतं. गाडी निम्म्या वाटेत बंद पडली, टांग्याने पोचेपर्यंत सुईणीनेच सुटका केली होती. देवाची कृपा, दोघंही सुखरूप. सासूबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "डॉक्टर, बारसं बाराव्या दिवशी आहे. आजच निघा."

डॉक्टरांनी हा प्रसंग कंपनीला जसाच्या तसा कळवला. उत्तर आलं की आपल्या गाडीचा गियर रचनेप्रमाणेच काम करत आहे.

"रचनेप्रमाणे!" डॉक्टरांनी कागद टेबलावर आपटला. "म्हणजे बंद पडायलाच बनवली आहे, आपण खामखा चालवून राहिलो!"

*

पण खरा दसरा झाला बापूसाहेबांच्या गाडीचा. आमच्याकडे सीमोल्लंघनाला गावाबाहेर जाण्याची रीत संस्थानाबरोबर संपली नाही. राजाचं राज्य गेलं, शमी राहिली. त्या दिवशी गाडीला झेंडूच्या माळा घातल्या, चाकाखाली लिंबं ठेवली, वहिनींनी ओवाळलं. बापूसाहेब पगडी घालून मागे बसले. मी पुढे, त्यांच्या ड्रायव्हरशेजारी.

गाडी पुढे जाईना! दांडा कुठेही ठेवा, पुढचा एकही गियर लागेना. फक्त उलटा तेवढा ठणठणीत.

वहिनी म्हणाल्या, टांगा मागवा. बापूसाहेब म्हणाले, "पूजा गाडीची केली आणि जायचं टांग्यात? अपशकुन!" झालं. गाडी उलटीच निघाली. अख्ख्या रस्त्याने आम्ही शहराकडे तोंड करून शहराबाहेर जात होतो. पोरं पळत होती, दुकानदार पायरीवर आले होते. बापूसाहेबांनी मान ताठ ठेवली. कुणी नमस्कार केला तर उलट नमस्कारही करत होते.

शमीपाशी एक म्हातारे पेन्शनर सुभेदार उभे होते. मिशीवर हात फिरवत म्हणाले, "शत्रूला पाठ न दाखवता मागे कसं हटायचं, हे आम्हाला फौजेत शिकवलं होतं. आज वकिलाने करून दाखवलं!"

बापूसाहेब हसले नाहीत. परतताना मात्र मला म्हणाले, "नाना, ह्या वेळी तक्रार पहिल्या ओळीत लिही."

*

इथवरचे किस्से मी हसत सांगतो. पुढचे सांगताना हसू येत नाही, पण सोडले तर बाकीच्यांना अर्थ नाही.

इंदरगंजच्या चौकात आमच्या ऑफिसची गाडी थांबली होती. मोहित्यांनी दांडा मोकळ्या गियरवर ठेवलेला. मागे साहेब बसलेले. समोर वरात चाललेली. आणि उभी गाडी आपोआप उसळली! मोहित्यांनी ब्रेक दाबून वळवली म्हणून वरात वाचली, गाडी वाहतुकीच्या शिपायाच्या चौथऱ्यावर आदळली. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. साहेबांची टोपी तेवढी पुढच्या सीटवर गेली.

टोपी गेली म्हणून चौकशी! कंपनीने मुंबईहून इंजिनियर पाठवला. त्या दिवशी गाडी इतकी गरीब वागली, इतकी गरीब वागली, की जणू तिला बघायला पाहुणे आले होते. इंजिनियर शेजारी बसून दोन चकरा मारून आला. त्याचं लक्ष गियरकडे नव्हतंच, ते मोहित्यांच्या पायाकडे होतं. डावा पाय सवयीने ठप्पकन खाली पडत होता.

त्याने अहवालात लिहिलं: यंत्रात दोष नाही. चालकाचा डावा पाय विनाकारण हलतो. चालक या गाडीस अपात्र.

नोकऱ्यांचं एकत्रीकरण तेव्हाच चाललं होतं. संस्थानांची माणसं नव्या सरकारात कोण राहणार, कोण जाणार याच्या याद्या. साहेबांनी अहवालातलं शेवटचं वाक्य उचललं आणि त्यातले "या गाडीस" हे शब्द गाळले. उरलं ते "चालक अपात्र". ते मोहित्यांच्या नावापुढे मी टाइप केलं.

हो, मीच. मी साहेबांना विचारलंसुद्धा नाही की दोन शब्द का गाळले. माझंही नाव त्याच यादीत होतं ना! त्या ओळीची मला आजही लाज वाटते.

मोहिते घरी बसले. त्यांच्या फेरविचाराचा अर्जही मीच टाइप केला, फुकट. त्याने काय होतं?

*

मध्यभारताला राजधान्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. सहा-सहा महिन्यांनी अख्खं सरकार फायली कापडात गुंडाळून, त्यांचे बस्ते बांधून हलायचं. मोहित्यांचा अर्ज त्यांच्या फायलीत आणि फाईल बस्त्यात.

मोहिते ग्वाल्हेरला ऑफिसात यायचे तेव्हा फाईल इंदूरला गेलेली असायची. एकदा उसनवारी करून ते इंदूरला पोचले, तर बस्ते ग्वाल्हेरला निघालेले! तिथल्या बाबूने त्यांना दिलासा दिला. "चिंता मत करो, तुम्हारी फाइल चल रही है."

"ती चालते हो," मोहिते परत येऊन मला म्हणाले, "माझीच गाडी उभी आहे."

*

आणि मग कंपनीचं परिपत्रक आलं. आलं म्हणजे काय, पत्ता होता जुन्या संस्थानाच्या मोटार अधिकाऱ्याचा. ते संस्थान नाही, ते पद नाही. पाकीट दोन्ही राजधान्यांच्या चार वाऱ्या करून, शिक्क्यांनी काळं होऊन माझ्या टेबलावर पडलं.

आत लिहिलं होतं: त्या वर्षीच्या गाड्यांच्या गियरपेटीत कारखान्यातच एक झडप चुकीची बसली आहे. त्यामुळे पुढचे गियर न लागणे किंवा उभी गाडी अचानक पुढे जाणे संभवते. मालकांनी गाडी मुंबईस आणल्यास पेटी विनामूल्य बदलून मिळेल.

मी धावतच बापूसाहेबांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला.

"नाना, मुंबईपर्यंत गेली असती तर तक्रार कशाला केली असती?"

डॉक्टरांनी गाडी केव्हाच कबाड्याला देऊन सायकल घेतली होती. त्यांनी परिपत्रक हातातसुद्धा धरलं नाही.

मला मात्र वाटलं, मोहिते सुटले! परिपत्रक त्यांच्या अर्जाला जोडून मी साहेबांपुढे ठेवलं. साहेबांनी शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "इसमें कंपनी ने गियर को ग़लत माना है. ड्राइवर को सही कहाँ लिखा है?"

शेरा मारला: कंपनीकडून खुलासा मागवावा. फाईल परत बस्त्यात.

मी हे मोहित्यांना सांगितलं तेव्हा ते भिंतीला टेकून बसले होते. त्यांच्या बायकोने मला चहा दिला, त्याने मला जास्तच मेल्यासारखं झालं.

*

शेवटचा किस्सा भोपाळचा.

मध्यभारत मोडलं, नवा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. सरकार पुन्हा हललं, ह्या वेळी कायमचं. सरकारी ड्रायव्हर अपुरे पडले म्हणून ट्रकांचं काम ठेकेदाराला दिलं. पहाटे मी बस्ते मोजून द्यायला उभा होतो, तर आमच्या ट्रकवर ड्रायव्हर कोण? मोहिते! ठेकेदाराने रोजावर धरले होते. सरकारला अपात्र वाटलेला माणूस सरकारचं अख्खं दफ्तर घेऊन निघाला होता, आणि ठेकेदाराला कुणी काही विचारलं नव्हतं.

मोहित्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "नाना, माझी कशात आहे?"

मी त्यांच्या फायलीचा बस्ता दाखवला. हमालाला बाजूला सारून त्यांनी तो स्वतः उचलून ट्रकात नीट लावला.

मी त्यांच्या शेजारी बसलो. शिवपुरी, गुना, ब्यावरा. रस्त्याची ती दशा, पण एक बस्ता हलला नाही. ट्रक जुना, क्लच घट्ट, मोहित्यांचा डावा पाय दिवसभर कामात. ब्यावऱ्याला जेवायला थांबलो तेव्हा मी कसाबसा म्हणालो, "मोहिते, ती ओळ मी टाइप केली होती."

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "भाकर घ्या."

भोपाळला नवीन ऑफिसच्या आवारात सगळे ट्रक लागले. कुणाचे बस्ते सुटलेले, कुणाचे भिजलेले, एकाचे वाटेत पडलेले. नवे साहेब फिरत फिरत आमच्या ट्रकपाशी आले. दोऱ्या तपासल्या, बस्ते मोजले, पुन्हा मोजले. त्यांना ना मी माहीत, ना मोहिते.

"कमाल है! एक भी नहीं हिला. ड्राइवर कौन है?"

मोहिते खाली उतरून उभे राहिले.

"कितने साल से चला रहे हो?"

"बचपन से समझिए, साहब."

"तो ठेकेदार के यहाँ क्या कर रहे हो? सरकार को ऐसे आदमी चाहिए. अर्ज़ी दो, मैं अभी दस्तख़त करता हूँ."

मोहित्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग ट्रकाच्या मागे गेले आणि दोरी सोडायला लागले.

"लाया हूँ, साहब. नीचे से तीसरा बस्ता."