उतरणारे आधी

इरा, ओम,

परवा तुमच्या आईने फोनवर बोलता बोलता सांगितलं, की इरा वसतिगृहात दम्याचा पंप पायमोज्यात गुंडाळून कपाटाच्या तळाशी ठेवते, मैत्रिणींना दिसू नये म्हणून. ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. तेव्हापासून कंडक्टरबाईंबद्दल तुम्हाला लिहायचं मनात आहे. माझं शिक्षण इंग्रजीत झालं आणि तुम्हाला आजवर मी इंग्रजीतच लिहीत आले, पण बाई इंग्रजीत मावत नाहीत. अडेल तिथे आईला वाचून दाखवायला सांगा.

बाईंचा आवाज भरलेल्या गाडीच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा होता. त्या सिन्नरकडच्या. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून झाली. निवृत्त झाल्यावर पंचवटीत एका तालमीच्या वरच्या मजल्यावर त्या श्वासाच्या व्यायामाचा वर्ग घ्यायच्या. खाली पहिलवान दंड-बैठका मारायचे आणि वर आम्ही धापा टाकत बसायचो. जिना अरुंद आणि उभा. वर आल्यावर कोणी जिन्याला नावं ठेवली की बाई म्हणायच्या, "चढून आलात ना? मग अर्धा वर्ग झाला. सरका पुढं, मधी जागा हाय."

शिकवायची त्यांची रीत अशी, की स्टीलचा पेला समोर ठेवायचा आणि त्यावर किल्लीने टोले द्यायचे. एसटीत एक टोला म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चला. इथे दोन टोले पडले की ओठांचा चंबू करून सावकाश श्वास सोडायचा. नवीन माणूस हमखास आधी छाती भरून घ्यायला जाई. मग बाई पेला बाजूला ठेवत. "दादा, गाडी स्टँडवर लागली की आधी कोण? उतरणारे. ते उतरल्याबिगर चढणारे दारातच चेंगरतात. तुमच्या छातीत लय शिळी हवा बसलीय. तिला आधी उतरू द्या." हे ऐकून हसला नाही असा माणूस मी पाहिला नाही, आणि हसताना श्वास आपसूक सुटत असे.

मी तिथे कशी पोचले ते सांगते. आजोबा गेल्यानंतर भाजी बाजारात, देवळात, कुठेही चार माणसं जमली की माझी छाती आवळायची. हृदयाच्या तपासण्या चांगल्या आल्या. डॉक्टरांनी कागदावर अँग्झायटी लिहिलं, गोळी दिली आणि हा वर्ग सुचवला. वर्गात दम्याची आणि घाबरण्याची माणसं एकाच सतरंजीवर बसत. बाई मला म्हणाल्या, "मॅडम, ह्यांचं हवेचं हाय, तुमचं काळजीचं. पण दार एकच." मला ते पटलं होतं. सगळ्यांनाच पटलं होतं.

बाईंना स्वतःलाही दमा होता. नोकरीत असताना त्यांनी तो कोणाला कळू दिला नाही. पंप तिकिटांच्या चामडी पिशवीत, सुट्ट्या नाण्यांच्या खाली. लागला की मागचं दार नीट लागलंय का बघायच्या निमित्ताने पाठ वळवायची आणि ओढून घ्यायचा. "कंडक्टरला धाप लागते म्हटल्यावर गाडीवर कोण ठेवील? टेबलावर बसवतील, नायतर घरी." हा किस्सा त्या रंगवून सांगत. शेजारी बसलेल्या प्रवाशालाही कधी पत्ता लागला नाही, याचा त्यांना अभिमान होता. अलीकडे कित्येक महिन्यांत पंप लागलाच नाही, याचा तर फारच. आम्हीही कौतुकाने ऐकायचो.

सोनल आमच्यात आली ती विंचूरहून, आईबरोबर. घरात कांद्याचा व्यापार. हंगामात खळ्यावर गोण्या हलायला लागल्या, पापुद्रे उडायला लागले, की तिची छाती शीळ घालायची. मुलगी तोंडाने तिखट. मी डोळे मिटून गंभीरपणे बसलेली दिसले की हळूच म्हणे, "आज्जी, श्वास घ्यायला अर्ज नाही करावा लागत." तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा सिन्नरच्या कारखान्यात नोकरीला. दम्याचं मुलाकडे कोणालाच सांगितलेलं नव्हतं.

"लग्नापर्यंत छातीतून आवाज नको यायला, एवढं बघा," तिची आई म्हणाली.

"सांगून टाका ना त्यांना," बाई म्हणाल्या. "आज ना उद्या कळणारच हाय."

"तुम्हाला लेक उजवायची नाय ना, बाई."

बाईंना मूलबाळ नव्हतं. पुढे त्यांनी तो विषय काढला नाही, मात्र सोनलला फार मनापासून शिकवलं. दम लागला तरी खांदे वर जाऊ द्यायचे नाहीत, चेहरा बदलू द्यायचा नाही, चारचौघांत कोणाला कळू न देता श्वास कसा सोडायचा. हे शेवटचं त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

लग्नाला आम्ही वर्गातले बरेच जण गेलो होतो. विंचूरजवळचं एक लॉन, वरात, फटाके, अत्तर, मग होमाचा धूर. मंगलाष्टकं होईपर्यंत सोनल ठीक होती. होमाजवळ बसल्यावर तिचा चेहरा तसाच हसरा राहिला, पण गळ्याजवळची कातडी आत ओढली जात होती. तिला उठवून वधूच्या खोलीत नेलं. बाई आणि मी मागोमाग गेलो. दारात नवऱ्या मुलाची आत्या येऊन उभी राहिली. "काय झालं हो सूनबाईला?"

बाईंनी सोनलच्या आईकडे पाहून हलकेच विचारलं, "पंप?"

आईने आधी आत्याकडे पाहिलं. "कसला पंप? सकाळपासून उपाशी हाय, घाबरलीय नुसती. बाई, तुमचं ते श्वासाचं घ्या ना करून."

बाईंना सगळं कळलं होतं. आईच्या चेहऱ्यावरची विनवणीही त्यांना दिसत होती. त्या सोनलसमोर बसल्या, टेबलावरचा पाण्याचा पेला ओढला आणि हातातल्या बांगडीने टोले द्यायला लागल्या. "उतरू दे आधी, बाळा. घाई नाय." सोनल आज्ञाधारक मुलीसारखी करत राहिली. थोड्या वेळाने छातीतली शीळ थांबली. आत्या म्हणाली, "बसला वाटतं जीव खाली," आणि लिंबूपाणी आणायला गेली. खोलीतल्या सगळ्यांनाच हायसं वाटलं. एकट्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. शीळ थांबली होती ती आत हवाच जात नव्हती म्हणून. त्यांनी आईचा दंड धरला. "पंप काढा. आत्ताच्या आत्ता."

पंप घरी कपाटात होता. नवरीची पर्स सासरच्या बायका उघडून बघतात, म्हणून आईने तो सकाळी काढून ठेवला होता. बाईंचा पंप पंचवटीत, त्यांच्या घरी. दवाखान्याकडे गाडी निघाली, पण निफाड यायच्या आतच सोनल गेली.

दहाव्याला मुलाकडची माणसं आली होती. ती आत्या कोपऱ्यात बसून रडत होती. बाई जवळ गेल्यावर तिने आपली पर्स उघडून दाखवली. आत निळा पंप होता. तिलाही कित्येक वर्षं दमा होता. तोही घरात फक्त तिच्या नवऱ्याला माहीत. "कोणी बोललं असतं तर मी दिला असता हो," ती म्हणत होती. परतीच्या वाटेवर जीपमध्ये बाई एवढंच बोलल्या, "मॅडम, औषध दारात उभं होतं आणि मी टोले देत बसले."

वर्ग बंद झाला. तालमीतल्या वस्तादांनी दोनदा निरोप पाठवला, बाई आल्या नाहीत. विंचूरला मात्र गेल्या. सोनलची आई बाहेर आली नाही, बाई ओट्यावर बसून परत आल्या. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांनी पुन्हा वर्ग उघडला, पण तो पहिला वर्ग नव्हता. विनोद कमी झाले होते. नवीन माणसाला व्यायाम शिकवायच्या आधी त्या सोनलची गोष्ट सांगायच्या, नाव न घेता, आणि शेवटी म्हणायच्या, "ती चूक माझी. दमा कुठला, घाबरणं कुठलं, मला कळत होतं. पण लपवायची सवय माझ्या अंगात मुरली होती." लग्नाच्या मुलीला तर त्या घेतच नसत, आधी मुलाकडे सांगून या म्हणत. कोणी चिडलं तर म्हणत, "चिडा. पण सांगून या."

माणसं गळत गेली. आया मुलींना घेऊन जिना उतरून जायच्या, त्या परत यायच्या नाहीत. एकीने तर खालूनच ओरडून सांगितलं, "व्यायाम शिकवा, अब्रू काढू नका." बाई कठड्याशी उभ्या राहून ऐकत होत्या. आत येऊन म्हणाल्या, "तिचंही चुकत नाय." सतरंजीचा बराचसा भाग रिकामा राहायला लागला. त्यांना त्याचं वाईट वाटत होतं, पण नियम त्यांनी सैल केला नाही.

गेल्या थंडीत बाईंचीच छाती भरली. मी दवाखान्यात गेले तेव्हा तोंडावर मास्क होता. माझे डोळे भरून आलेले पाहून त्यांनी तो जरा वर उचलला. "मॅडम, रडायचं असेल तर बाहेर. इथं आधीच हवा कमी हाय." मग थोडं थांबून, "वर्ग बंद ठेवू नका. लोकांची बोलायची सवय मोडते." चार दिवसांनी त्या गेल्या. माणसं फार नव्हती. विंचूरहून सोनलची आई आली होती. ती कोणाशी बोलली नाही आणि कोणी तिला बोलायला लावलं नाही.

तालमीच्या वरच्या मजल्यावर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी वर्ग अजून भरतो. आम्ही थोडेच आहोत. आत आल्यावर ज्याच्याकडे पंप असेल तो आपल्यासमोर सतरंजीवर सगळ्यांना दिसेल असा ठेवतो, आणि प्रत्येक जण स्वतःचं नाव आणि स्वतःचा आजार मोठ्याने सांगतो. ते झाल्याशिवाय कोणी श्वासाला सुरुवात करत नाही.