पाहुण्यांचं गोडं पाणी

ग्रामपंचायतीत बाईमाणसाची जागा भरायची होती, म्हणून मामंजींनी मला तिथे नेऊन बसवलं. ते सरपंच, मी त्यांची थोरली सून. कोपऱ्यात पदर सावरून बसायचं आणि दाखवतील तिथे सही करायची, एवढंच माझं काम. साठ सालानंतरची ही गोष्ट. शिरगावच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. वाड्या हिरव्यागार, पण चैत्र लागला की विहिरी खाऱ्या व्हायच्या. डाळ शिजायची नाही, चहात दूध नासायचं. गोड्या पाण्याची विहीर पार शेतांपलीकडे, टेकडीखाली. तिथून बायका डोक्यावर हंडे आणायच्या आणि पुरुष ओसरीवर बसून प्यायचे.

त्या उन्हाळ्यात आमदारांचा निरोप आला. अधिवेशन तोंडावर आलंय, मी गावात येतोय, गावाने एकच मागणी सांगावी, ती विधानसभेत मांडतो. पंचायतीत नुसता गलका. तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम चालू होतं, तिथे कामाला जाता यावं म्हणून जो तो रस्त्याचं बोलत होता. तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"पाणी मागा," मी म्हटलं. "आणि साहेबांना आपल्याच विहिरीचा पेला द्या. एक घोट पोटात गेला की भाषण करायला नको."

"बरोबर बोलली सूनबाय," मामंजी म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

आमदार यायचे त्या दिवशी सकाळीच अंगणात बैलगाडी येऊन थांबली. गाडीत पिंपं, आणि पिंपांत टेकडीखालचं पाणी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके उन्हाळे आमच्या माना मोडल्या, दिवस राहिलेल्या पोरींनीसुद्धा हंडे वाहिले, तेव्हा ही गाडी कधी जुंपली गेली नव्हती.

"मामंजी, आपलं ठरलं काय होतं?"

"अगं, घरी आलेल्या मानसाला खारं पानी पाजू? लोक तोंडात शेण घालतील."

आमदार आले, बरोबर बरीच मंडळी. सगळ्यांनी त्या पाण्याने मनसोक्त हातपाय धुतले. आमदारांनी ओसरीवर बसून पेला रिकामा केला, पुन्हा भरून घेतला.

"साहेब, आमची मागणी पान्याची हाय," मामंजी म्हणाले.

आमदार हसले. "सरपंच, असं पाणी मुंबईत मिळत नाही! ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी पाणी मागू. तुम्हाला रस्ता मागतो."

गाडी धाडून आणलंय, एवढं सांगायला मामंजींची जीभ रेटेना. पाहुण्याला अवघडल्यासारखं होईल ना! पुढे रस्ता झाला खरा. त्याच रस्त्यावरून आम्ही हंडे वाहिले.

त्या दिवशी दाराआडून हे ऐकलं आणि मी मागल्या दारी गेले, आमच्या विहिरीत कळशी सोडली, पेला भरला आणि सरळ ओसरीवर आले. परक्या पुरुषांपुढे सुनेने असं येणं म्हणजे नाक कापणंच होतं. मला तेव्हा कसलीच लाज वाटली नाही.

"साहेब, आमी रोज पितो ते हे."

आमदारांनी हात पुढे केला. तेवढ्यात मामंजींनी माझ्या हातातून पेला काढून घेतला आणि घटाघटा पिऊन टाकला. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही.

"थट्टेखोर हाय सून आमची," ते म्हणाले. सगळे खो खो हसले. ते हसणं आजही आठवलं की हातातलं भांडं आपटावंसं वाटतं.

मोटार धुरळा उडवत गेली. मामंजी ओसरीच्या खांबाला टेकले.

"सूनबाय, घसा पार खारट झालाय. जरा गोडं पानी दे."

पिंपं अंगणात उपडी पडली होती.

"संपलं," मी म्हटलं. "पाहुण्यांनी पाय धुतले त्यानं."

कोपऱ्यातला हंडा उचलून मी त्यांच्यापुढे ठेवला. "विहीर टेकडीखाली हाय."